एक खोली, किचन, दुसरं गेट

पेपरातली मुलगी म्हणाली, आजी, ओळीला पैसे पडतात.
मी ट्रंक कॉलच्या काळातली.
तीन मिनिटांत मयताची बातमी देऊन
वर भाताची पेरणी झाली का विचारणारी माणसं
कानाला लावून बसलेली.
मला शब्द वाचवायला शिकवू नकोस.

"टिळकवाडी, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ. सोसायटीचा फ्लॅट.
पहिला मजला, एक झोपायची खोली.
महायुद्धाआधीचं बांधकाम. एजंट नकोत."
झालं.

छापलं नाही ते असं:
भिंती दीड फुटी, जांभ्याच्या,
मे महिन्यात गाल टेकवाव्यात अशा.
फरशीवर निळी-तांबडी फुलं. दारापाशी एक उलटं बसलंय;
अडतीस साली गवंड्याला कुणीतरी हाक मारली असणार.
खिडकीची कडी उचलून मग ढकलायची,
नुसती ढकलली तर रुसते.
गेट पडलं की खाली स्कूटरी तुंबतात, घंटा वाजते,
आणि गाडी मिरजेकडं चाललीय की लोंढ्याकडं
ते कपाटातल्या कपबशा सांगतात.
पहाटे कॅम्पातला बिगूल,
वारा तिकडून असेल तरच.

इथं कुणी मालक नसतो. असतात शेअर.
दहा शेअर, पन्नास पन्नासचे,
सर्टिफिकेटावर मुंबई इलाख्याचा शिक्का,
मागं तीन नावं खोडलेली, चौथं माझं.
इलाखा गेला, शिक्का राहिला.
माझ्या नावाआधी कुमारी लिहिलंय.
तेही राहिलं.

घेणारी आली ती रात्रपाळीवरून थेट.
महादेवी कौजलगी, नर्स.
पायऱ्या चढताना कठड्यावरून हात फिरवत आली.
लाकूड ओळखणाऱ्या घरातली असावी.

कमिटी बसली हलगेकरांच्या व्हरांड्यात.
डॉक्टर शिरगुप्पी, हलगेकर,
आणि फर्नांडिसांचा धाकटा, जो आता बासष्टचा आहे.
घरी कोण कोण?
मीच.
म्हणजे, पुढं लग्नाचं वगैरे?
तिनं घड्याळाकडं बघितलं,
मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या.
वेताची एक खुर्ची उगाच करकरली.

मी विकणारी, मला मत नाही.
मी फक्त जुनं मिनिट बुक मागितलं.
चौऱ्याहत्तर साल, पान एकशे अकरा,
शाई चहाच्या रंगाची झालेली:
"कु. शशिप्रभा मुतगेकर, टेलिफोन खाते.
अर्जदार एकट्या असल्याने सभेत बराच वेळ चर्चा झाली.
चहा झाला.
मंजूर."

मोठ्यानं वाचलं.
मग तेच कानडीत सांगितलं,
नवं मिनिट बुक कानडीत असतं म्हणून नव्हे,
दोन टोकं जोडून मधून बाजूला व्हायची
माझी बत्तीस वर्षांची नोकरी म्हणून.

कुणी हसलं नाही.
डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत बसले
आणि आतल्या दाराकडं बघून म्हणाले,
चहा ठेवा की.

जिन्यात तिनं विचारलं, अव्वा, मला दिवसा झोपायचं असतं. आवाज?
खोटं कशाला बोलू.
आठ दिवस ऐकू येतील गाड्या, म्हटलं.
मग नाही.
मग एखादी आली नाही, तर जाग येते.
ती उलट्या फुलावर उभी होती. पाय काढून बघितलं तिनं,
काही बोलली नाही. तिथंच मला वाटलं, ही राहील.

शेजारची सरोजिनी रोज विचारते,
सोडून कुठं जाऊलालीस गं या वयात?
आजऱ्याला, भाचीकडं.
कपाट हिलाच ठेवून जाते, जिन्यातून उतरत नाही ते.
आत कसं चढवलं ते सांगणारा आता कुणी नाही.
कपबशा मात्र नेणार.
आजऱ्याला रूळ नाहीत.
बघू काय बोलतात.